शॉकअप

ही एका खेळण्यातल्या गाडीची गोष्ट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी 'एवढं वाचून हाती काय लागलं' असं विचारायला नको.

गाडी माझ्या लेकीची. रिमोटवर चालणारी, पण रिमोटची गाडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तशी भुर्रकन पळणारी नव्हे. हिला क्रॉलर म्हणतात. रांगणारी. माणूस रमतगमत चालेल त्याहूनही सावकाश जाते. समोर दगड आला की वळसा घालायचा नाही, त्याच्यावर चढायचं, पलीकडे उतरायचं, हाच तिचा जन्म. इथे अमेरिकेत खऱ्या जीपा घेऊन हे उद्योग करणारे पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीच्या वाळवंटात २००७ पासून 'किंग ऑफ द हॅमर्स' नावाची शर्यतच भरते. ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही, किंवा घरून परवानगी मिळत नाही, ते एक दशांश मापाची गाडी घेतात आणि तिच्यामागे दगडांतून हिंडतात. आमची त्यातली. अडीच किलोच्या आसपास वजन, मुठीत मावणार नाहीत एवढी रबरी चाकं, दोन्ही आस अखंड, अगदी खऱ्या जीपसारखे. शेजारच्या गल्लीतला एकजण गराज रिकामं करत होता, त्याच्याकडून जुनी घेतली.

जुनी असल्यामुळे तिचे शॉकअप गेलेले होते. प्लॅस्टिकचे होते, आणि चारांतले तीन गळत होते. गाडी शेल्फवर ठेवली की खाली तेलाचे तीन गोल डाग. (कंपनीचं नाव लिहीत नाही. आधीच्या मालकाने त्यांचे काय हाल केले होते ते मला माहीत नाही.) लेक म्हणाली, "बाबा, नवीन घेऊ या ना, मेटलचे." मी लगेच हो म्हणालो. त्या दिवसांत माझ्याकडे वेळ होता.

वेळ का होता ते आता सांगायलाच हवं.

२०२४ च्या ऑक्टोबरात आई आणि अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे चँडलरला आले. फीनिक्सच्या अंगाला असलेलं हे गाव. उन्हाळ्यात इथे माणसाने राहू नये. २०२३ साली फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. म्हणून आई-वडिलांना बोलवायचं ते ऑक्टोबर ते मार्च. तर ते आले, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी नोकरी गेली. एक मंगळवार, पंधरा मिनिटांची मीटिंग, समोर दोन माणसं, त्यातलं एक मी कधी पाहिलेलं नव्हतं. सतरा वर्षं झाली होती त्या कंपनीत. लॅपटॉप परत पाठवायला खोकं घरपोच आलं, ते मात्र फार तत्परतेने.

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. आई-अण्णांना नाही. आईचं ब्लडप्रेशर, हे एक कारण. कळलं असतं तर दोघं पुढच्या विमानाने परत निघाले असते, हे दुसरं. तिसरं मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं.

मग मी नाटक सुरू केलं. सकाळी नऊला वरच्या खोलीत जाऊन दार लावायचं. आत माझा घरचा लॅपटॉप असायचा. पहिले काही दिवस अर्ज केले, मग नुसता बसू लागलो. खालून आईचा आवाज यायचा, "अहो, हळू बोला. त्याचं काम चाललंय वर." साडेदहाला ती चहाचा कप दाराबाहेर ठेवायची आणि दार न वाजवता, पाय न वाजवता खाली जायची. तो चहा प्यायला फार कठीण जायचा.

दुपारी दोननंतर खोलीत बसवेना. मग 'आज मीटिंगा लवकर संपल्या' असं म्हणून गराजमध्ये. आणि गराजमध्ये ती गाडी.

आता अण्णांविषयी. अण्णा १९४८ चे. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे एसटी आणि अण्णा एकाच साली जन्मले, आणि हे ते नवीन माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. १९७२ ला दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत हेल्पर म्हणून लागले, २००६ ला निवृत्त झाले. कार्यशाळा हा शब्द पाटीवरचा. आमच्या घरी ते 'वर्कशॉप'. चौतीस वर्षं त्यांच्या खाकी कपड्यांना एक वास होता, ग्रीस, रॉकेल आणि घाम यांचा, आणि आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मी नववीत असताना सायकलचं फ्रीव्हील खोलून बसलो होतो. अण्णा कामावरून आले, काही बोलले नाहीत, माझ्या हातातून पाना घेतला आणि म्हणाले, "जा, हात धू. पुस्तक घे." मी म्हटलं, मला येतंय. ते म्हणाले, "येतंय म्हणूनच सांगतोय. घरात काळे हात एकाचेच पुरेत." त्यानंतर त्यांनी मला एक नटसुद्धा आवळू दिला नाही. मी इंजिनियर झालो तो कॉम्प्युटरचा. पांढऱ्या हातांचा.

तिसरं कारण हे होतं.

तर शॉकअप. आपल्याकडे सगळे शॉकअपच म्हणतात, शॉक ॲब्सॉर्बर म्हणायला कुणाला वेळ आहे. मी पहिल्यांदा जे मागवले ते पाहण्यातच चूक केली, म्हणजे फक्त पाहिलेच. लाल ॲल्युमिनियमची चकचकीत नळी, वर जाड काळी स्प्रिंग. मूळचे शॉकअप पूर्ण ताणल्यावर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत ९० मिलिमीटर होते. मी ११० चे घेतले. का? तर फोटोत गाडी उंच आणि रुबाबदार दिसत होती. वीस मिलिमीटरने काय होतंय, असंही वाटलं. पण गाडी मुळातच एक दशांश मापाची, हे विसरलो. खऱ्या जीपला ती वीस सेंटिमीटरची वाढ झाली.

बसवले. बसवताना वरच्या एका स्क्रूचे आटे घालवले (प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पिळताना लोखंडात पिळल्यासारखा जोर लावला की हेच होतं), आणि दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकची मुंडी घट्ट करताना दांडा सरळ पकडीच्या दातांत धरला. शनिवारी सगळे साउथ माउंटनला गेलो. पार्किंगपासून पाच मिनिटांवर खडकांचा एक उतार आहे, मधूनमधून सग्वारो निवडुंग उभे. आईने शिरा आणला होता. अण्णा घडीच्या खुर्चीवर, डोक्याला माकडटोपी. नोव्हेंबरातल्या त्या उन्हात इथली माणसं अर्ध्या चड्डीत हिंडत होती.

लेकीने गाडी पहिल्या दगडावर घातली. पुढचं उजवं चाक वर चढलं आणि मागचं डावं जमीन सोडून हवेत लटकलं. गाडी त्या तिरप्या दोन चाकांवर टेबलासारखी डुगडुगली आणि कुशीवर पडली. सरळ केली. पुन्हा पडली. आडव्या उतारावर तर हात लावायच्या आत लोळली. जुन्या गळक्या शॉकअपवर ती हाच दगड चढून गेली होती. लेक काही बोलली नाही, पण बारा वर्षांच्या मुलीचं न बोलणं पुरे असतं.

अण्णांनी खुर्चीतूनच विचारलं, "हे शॉकअप कुणी निवडले?"

"मी."

"हे शिवनेरीला लाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गराजमध्ये गेलो तर अण्णा आधीच तिथे. गाडी उलटी करून, चष्मा कपाळावर चढवून बघत होते. त्यांचे हात आता थरथरतात. रोग वगैरे काही नाही असं डॉक्टर म्हणतात, वयाचा कंप आहे, पण चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. ते बोटाने स्प्रिंग दाबून बघत होते आणि त्यांच्या बोटाबरोबर गाडीची चाकं थरथरत होती.

"वजन किती हिचं?" म्हणाले.

"अडीच किलो असेल."

"असेल नाही. पुढं किती, मागं किती?"

माहीत नव्हतं. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आला. काट्यावर पुढची दोन चाकं, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीचं पुस्तक, गाडी सपाट राहिली पाहिजे. मग उलट. पुढे १४२० ग्रॅम, मागे १२१०. या छंदातले लोक पुढे जास्त वजन असावं म्हणतात, शंभरात साठपर्यंत, कारण चढताना भार आपोआप मागे जातो. आमचं चोपन्न भरलं. अण्णांनी आकडे खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले आणि म्हणाले, "एवढ्या वजनाला ही स्प्रिंग दबतच नाही. मग स्प्रिंग कशाला म्हणायचं तिला? खुंटी म्हण."

मग त्यांनी मला समजावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ते जसं आठवतंय तसं लिहितो.

शॉकअप धक्का खातो हे नावच चुकीचं. धक्का खाते स्प्रिंग. बसला असेल तर पाटा. वजनही तोच पेलतो. पण पाटा दबला की त्याला राग येतो, तो उसळून वर येतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. शॉकअप तो राग जिरवतो. एवढंच त्याचं काम. आत तेल असतं, तेलात भोकं पाडलेली चकती, ती सरकायची तर तेलाला त्या भोकांतून जावं लागतं आणि जाताना ते गरम होतं. उसळी होती ती ऊब होऊन निघून जाते. जुन्या गाड्यांना मागे शॉकअप नसला तरी भागायचं, कारण पाट्यावर पाटा घासतो, तो घासणं हाच अर्धा शॉकअप.

"आणि गेलेला शॉकअप ओळखायचा कसा?" मी विचारलं.

"गाडी लांबून आली की लगेच खाली जायचं आणि एकेकाला हात लावायचा. चालतोय तो गरम. जो गार, तो मेला." मग हसून म्हणाले, "नवीन पोराला आम्ही गरमच्यालाच आधी हात लावायला लावायचो."

हे ऐकून मला दोन गोष्टी कळल्या. रांगणाऱ्या गाडीला शॉकअप लागतोच कशाला, हा प्रश्न मला पडला होता. इतक्या हळू जाणाऱ्या गाडीला उसळी कुठली? पण गाडी दगडाच्या कडेवरून खाली उतरते तेव्हा दबलेली स्प्रिंग एकदम सुटते आणि गाडीला ढकलून देते. नेमक्या त्याच क्षणी ती कोलांटी खाते. तेल तिला हळू सुटायला लावतं. आणि दुसरी गोष्ट, अशा गाडीची स्प्रिंग मऊ हवी, जवळजवळ आळशी. गाडी नुसती उभी असताना शॉकअपची तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतची चाल दबलेली असावी. म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली लोंबायला जागा उरते, आणि चाक दगड सोडत नाही. माझ्या खुंट्यांनी चाकांना लोंबूच दिलं नव्हतं. वर उंची वाढवून गुरुत्वमध्य वर नेला. म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच गाडी पाडत होतो.

९० मिलिमीटरचे चार मागवले, सोबत मऊ स्प्रिंगा आणि सिलिकॉन तेलाची बाटली. 'थर्टी वेट' लिहिलेली. या तेलांचे आकडे कंपनीगणिक थोडे हलतात, म्हणून बाटलीवर सेंटिस्टोक्सही असतात, तेच बघावेत. तीसचं म्हणजे साधारण साडेतीनशे. कोऱ्या शॉकअपमध्ये कारखान्यातून काहीतरी पाण्यासारखं भरलेलं होतं, तेही चारांत चार वेगवेगळ्या पातळीचं. अण्णा म्हणाले, सगळं खोल.

खोलायला बसण्याआधी ते स्वयंपाकघरात जाऊन आईकडून परात घेऊन आले. कणकेची. "परातीत काम करायचं. निसटलेलं परातीतच राहतं." आतली चकती दांड्यावर धरून ठेवायला दोन ई-क्लिपा असतात, मुगाच्या डाळीएवढ्या, आणि पक्कड जरा हलली की टणकन उडतात. त्या दुपारी सात वेळा उडाल्या आणि सातही वेळा परातीत सापडल्या. आधीच्या खेपेला एक शोधत मी तासभर गराजच्या फरशीवर लोळलो होतो.

ई-क्लिप बसवणं अण्णांच्या हातांना जमण्यासारखं नव्हतं. एकदा प्रयत्न केला त्यांनी. पक्कड परातीच्या काठावर वाजत राहिली. मग त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले, लहान मुलं बसतात तसे. "तू कर. मी सांगतो."

ते सांगत गेले. दांडा पकडीत कधी उघडा धरायचा नाही. जुन्या पट्ट्याचा चामड्याचा तुकडा मध्ये घालायचा. त्यांनी माझे पहिले लाल शॉकअप नखाने तपासले आणि दांड्यावरचे ओरखडे दाखवले. "हा चरा रोज रबर कापणार. महिनाभरात गळला असता." दांडा ओ-रिंगमधून घालताना टोकाच्या आट्यांना तेल लावून फिरवत फिरवत घाल, नाहीतर आटेच रबर कापतात. मुंडी पूर्ण बसली की एक घर मागे.

तेल भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला आणि गप्प बसले. "दांडा आत शिरतो तेव्हा तो तेलाची जागा घेतो. मग तेल जातं कुठं?"

मी विचार करत बसलो. द्रव दाबला जात नाही, हे शाळेत शिकलेलं. नळी काठोकाठ भरून टोपण लावलं तर दांडा आत जायलाच नको. बसच्या शॉकअपला नळीच्या बाहेर दुसरी नळी असते, जास्तीचं तेल तिथे जातं. आमच्या या चिमुकल्यांना ती सोय नव्हती. उत्तर असं की दांडा खाली ओढून तेल भरायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, मग दांडा हळूच पूर्ण वर दाबायचा, जास्तीचं तेल काठावरून सांडू द्यायचं, आणि तशा अवस्थेत टोपण फिरवायचं. मला हे सुचायला पाचेक मिनिटं लागली असतील. सुचलं तेव्हा अण्णा "हं" एवढंच म्हणाले. मला त्या 'हं'चा आनंद झाला तो सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला शोभेलसा नव्हता.

बुडबुडे मात्र लवकर जात नाहीत. चकती हळूहळू वरखाली करायची, घाई केली तर आणखी हवा घुसते. मग शॉकअप उभा ठेवून द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं. चारही शॉकअप वाळूच्या वाटीत उभे केले. (वाटी लेकीच्या कॅक्टसची.) दोघं बघत बसलो. तळातून एकेक बारीक बुडबुडा निघायचा, वर यायचा, फुटायचा. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं.

"किती दिवस झाले?" अण्णांनी विचारलं.

"कशाला?"

"तुझी नोकरी जाऊन."

मी बुडबुड्यांकडेच बघत राहिलो. तीन आठवडे, म्हणालो. मग विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"सांगायचं काय. दुपारी तुझी खोली झाडायला गेलो की त्या लॅपटॉपला हात लावतो. गार असतो."

माझ्या खोलीत अण्णा झाडू घेऊन जातात हेही मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी जे विचारलं ते सगळं वजनकाट्यावरच्यासारखं होतं. कंपनीने किती महिन्यांचे पैसे दिले? चार. घराचा हप्ता किती? सूनबाईच्या पगारात किती भागतं? कागदपत्रांची भानगड नाही ना? नाही, ग्रीन कार्ड आहे. पेन्सिल घेऊन त्याच पुठ्ठ्यावर, १४२० आणि १२१० च्या खाली, त्यांनी आकडे मांडले. अक्षर हललेलं, पण बेरीज बरोबर. "सप्टेंबरपर्यंत काही होत नाही तुला," म्हणाले. हे गणित मीही केलं होतं, रात्री, अनेकदा. माझं उत्तर दर वेळी वेगळं यायचं.

मी म्हटलं, अण्णा, तुम्ही मला काम करू दिलं नाहीत ते कशासाठी... आणि पुढचं वाक्य मला येईना.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वाटीतला एक शॉकअप दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. तेल हललं, पण त्यात हवा नव्हती. "हा झाला," म्हणाले. "टोपण लाव."

वर दांडा दाबला, तेल काठावरून ओघळलं, टोपण फिरवलं. पहिल्याच्या मागोमाग बाकीचे तीन. चालवून बघितलं तर दांडा मऊसूत, कुठेही चुळचुळ आवाज नाही. हवा राहिली असली की चालवताना आतून थुंकी गिळल्यासारखा आवाज येतो.

आईला रात्री सांगितलं. अण्णा म्हणाले, मी सांगणार नाही, तूच सांग. मी तयारी करून, पाण्याचा ग्लास जवळ ठेवून सांगितलं. आई म्हणाली, "मला वाटलंच. मीटिंगमध्ये माणूस एवढा गप्प बसतो होय?" आणि मग, थोड्या वेळाने, "मग मी तिकडे उगाच पाय न वाजवता चालत होते." त्यावर सगळ्यांत जास्त हसली ती माझी बायको, आणि तिला तो अधिकार होता. ती पहिल्या दिवसापासून सांगा म्हणत होती.

(नोकरी पुढे २०२५ च्या जुलैत मिळाली. पगार कमी आहे, प्रवास जास्त. ती वेगळी कथा, पुन्हा कधीतरी.)

शॉकअप मात्र लगेच बसवू दिले नाहीत अण्णांनी. चारही टिश्यू पेपरवर रात्रभर आडवे ठेवले. सकाळी तीन कोरडे, चौथ्याखाली अठराणीएवढा डाग. चारांत एक वाईट नाही, असं म्हणाले, पण आवाजात समाधान होतं, काम निघाल्याचं. तो पुन्हा परातीत आला. ओ-रिंगला बारीक काप गेलेला होता, मीच आट्यांना तेल लावायला विसरलो होतो. ही चौथी वेळ असल्यामुळे, मला वाटतं.

मग बसवताना वरच्या भोकांचा प्रश्न. चेसिसवर एकाच शॉकअपसाठी तीन भोकं असतात. शॉकअप जितका आत झुकलेला, तितका मऊ लागतो. पुढे मधलं भोक घेतलं, मागे सगळ्यांत आतलं, कारण मागे वजन कमी. आटे गेलेल्या भोकात थोडा लांब स्क्रू घातला आणि पलीकडून नट. गाडी जमिनीवर ठेवून वरून दाबली आणि सोडली. ती एकदाच वर आली, सावकाश, आणि थांबली. अण्णांनी पुन्हा दाबली. पुन्हा तशीच. सहा-सात वेळा दाबली असेल.

शनिवारी पुन्हा साउथ माउंटन. या वेळी अण्णांनी खुर्ची घेतली नाही, लेकीच्या बरोबरीने चालत गेले. तोच उतार, तोच दगड. पुढचं उजवं चाक वर चढलं, मागचं डावं खाली लोंबलं, लोंबत लोंबत खड्ड्याच्या तळाला टेकलं, आणि गाडी वाकडीतिकडी होऊन, एखादी म्हातारी बाई एसटीच्या पायऱ्या चढते तशी, वर गेली. पलीकडे उतरताना थोडी डगमगली. पडली नाही. पुढच्या आडव्या उतारावर एकदा पडली, पण ती चूक चालवणारीची होती असं चालवणारीनेच सांगितलं.

तासाभराने बॅटरी संपली. अण्णा गुडघ्यावर बसले, गाडी उचलली आणि चारही शॉकअपना एकेक करून बोट लावलं.

"गार आहेत," म्हणाले.

"मग मेले का?" लेकीने घाबरून विचारलं.

"छे गं. हिला कुठं घाट चढायचाय." त्यांनी गाडी तिच्या हातात दिली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि विचारलं, "दुसरी बॅटरी आणलीय ना?"